एकाच कलमाचा जाहीरनामा : फक्त भ्रष्टाचारविरोधावर पक्ष चालतो का?

जुनी_इंदूर_छापखाना (धागाकर्ता)

मंडळी, एक सरळ प्रश्न आहे. उत्तर देताना कृपया भाजप-काँग्रेस सुरू करू नका, त्यासाठी दुसरे धागे पडले आहेत.

आपल्या इंदुरातली काही तरुण मुलं नवा पक्ष काढतायत. मुद्दा एकच, सरकारी कचेऱ्यांतला भ्रष्टाचार. पाणी, मेट्रो, आरक्षण, देऊळ-मशीद, कशावरही पक्षाची भूमिका नाही, आणि हे मुद्दाम. निगमची (महापालिकेची) निवडणूक २०२२ च्या हिशोबाने २०२७ ला यायला हवी. तेव्हा ८५ पैकी निदान दहा-बारा वॉर्डांत उमेदवार द्यायचा त्यांचा विचार आहे. नाव इथे लिहीत नाही, नोंदणी अजून व्हायची आहे.

मला कळलं ते पत्रक छापायला आले म्हणून. ए-फोर कागद, एका बाजूला सहा ओळी, खाली फोन नंबर. मी विचारलं, मागची बाजू? म्हणाले, कोरी. म्हटलं, अरे बाबांनो, चार पैसे इकडेतिकडे करून मागेही छापून देतो. त्यावर त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, मागे लिहायला आमच्याकडे काही नाही. ते लोकांना दिसू दे." इतकी वर्षं निवडणुकीची पत्रकं छापतोय, मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाका म्हणून भल्याभल्यांच्या मागे लागतोय (१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते सक्तीचं आहे, तरी मोठे पक्षसुद्धा विसरतात), पण कोरी बाजू मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

आता ते मला सदस्य व्हा म्हणतायत. आयोगाकडे नोंदणीला किमान १०० सदस्य लागतात, सगळे मतदार यादीतले. दहा हजार फी, आणि पक्ष स्थापन केल्यापासून तीस दिवसांत अर्ज. त्या शंभरांत मी असावं असं त्यांना वाटतं.

मोह होतो तो २०२४ मुळे. लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि इंदुरात नोटाला २,१८,६७४ मतं पडली. तोवर देशात कुठल्याच मतदारसंघात एवढी पडली नव्हती. एवढी माणसं उन्हात जाऊन "यांतला कोणीच नको" म्हणून आली, तर त्यांच्यासाठी कोणीतरी असायला नको का? आणि अडखळतो कशामुळे, ते तुम्ही सांगालच.

टवाळ_छप्पन

मागच्या बाजूला जिरावणाची (पोह्यांवरच्या मसाल्याची) जाहिरात घ्या. पक्षनिधी उभा राहील आणि पत्रक कोणी फेकणार नाही.

शंकासुर

नोटाच्या आकड्याला भुलू नका. उमेदवार पळाल्यावर काँग्रेसनेच नोटा दाबा म्हणून प्रचार केला होता. त्यातली किती मतं भ्रष्टाचारावर चिडलेल्यांची आणि किती नुसती काँग्रेसची, हे कोणी वेगळं काढून दाखवणार आहे का? त्याच निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराचं मताधिक्य ११,७५,०९२ होतं हेही त्याच दमात सांगा.

आणि नोंदणीचं कौतुक नको. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने एका झटक्यात ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नव्हती. पत्ता शोधायला गेले तर जागेवर ऑफिस नाही. पक्ष काढणं सोपं आहे हो.

(पुण्याहून लिहितोय. इंदूरचं मला काय कळतं, हे आता कोणीतरी म्हणेलच.)

पेन्शनर_लोकमान्यनगर

शंकासुर, इंदूरचं तुम्हाला काय कळतं. पण म्हणणं बरोबर आहे, म्हणून पुढचं मी सांगतो.

व्यापम, म्हणजे राज्याच्या परीक्षा मंडळाचा घोटाळा. जुलै २०१३ मध्ये पीएमटीच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) वेळी इंदूरच्या हॉटेलांत उतरलेले तोतये परीक्षार्थी पोलिसांनी पकडले आणि तिथून सगळं बाहेर यायला लागलं. आपल्या शहरातून. घरोघरी तोच विषय. आमच्या गल्लीतला एक हुशार मुलगा त्याच्या आधी दोनदा पीएमटीत राहिला होता, त्याच्या आईने तर त्या दिवसांत कोणाशी बोलणंच टाकलं होतं. आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं तेव्हा सत्ताधारी पक्षाला २३० पैकी किती? १६५. आधीच्या खेपेस १४३ होत्या. जागा वाढल्या! पुढे २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला, मंडळाचं नाव दोनदा बदललं, आज ते कर्मचारी चयन मंडळ आहे. त्या मुलाच्या घरानेही मत कोणाला दिलं ते मला माहीत आहे. कारण विचारलं तर म्हणाले, रस्ता झाला, वीज असते, लाडली लक्ष्मीचे (मुलींसाठीच्या सरकारी योजनेचे) कागद झाले. राग खरा होता, पण तो मतपेटीपर्यंत गेला नाही.

दुसरं, २०११. ऑगस्टात अण्णा रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते आणि इथे रीगलला गांधी पुतळ्यापाशी संध्याकाळी आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे. डोक्यावर टोप्या. तेव्हा अण्णांचं म्हणणं स्पष्ट होतं की पक्ष नको. ज्यांना हवा होता त्यांनी २६ नोव्हेंबर २०१२ ला आम आदमी पक्ष काढला. २०१३ च्या डिसेंबरात दिल्लीत ७० पैकी २८ आल्या, सरकार झालं, ४९ दिवसांनी जनलोकपालावरून राजीनामा. इथपर्यंत तो खरोखर एका मुद्द्याचा पक्ष होता. २०१५ ला ६७ आल्या, त्या जनलोकपालावर आल्या असं तुम्हाला वाटतं? वीजबिल निम्मं आणि पाणी फुकट, यावर आल्या. मग शाळा, मोहल्ला क्लिनिक. वाईट नाही म्हणत मी, उलट चांगलंच काम. पण मुद्दा बाजूला ठेवला तेव्हा सत्ता टिकली. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनाच अटक झाली, आणि २०२५ ला २२ जागा. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. दुसऱ्या पक्षांचे लोक असल्या आरोपांतून पोहत बाहेर येतात, कारण मतदाराने त्यांना स्वच्छ म्हणून निवडलेलंच नसतं. ज्याने स्वच्छतेवरच मत मागितलं त्याला नुसता आरोपही झेपत नाही.

आणि आपल्याकडे? सिंगरौलीला २०२२ मध्ये आपचा महापौर झाला, तेवढंच. २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांना राज्यात एक टक्कासुद्धा मतं नाहीत.

मृण्मयी_सुदामानगर

काका, तुमचं सगळं खरं, पण तुम्ही निवडणुकीचंच बोलताय. मला रोजचं बोलायचंय.

बाबा गेल्यावर घराचं नामांतरण करायचं होतं. कुठल्या कचेरीत ते राहू दे. कागद पूर्ण, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, सगळं. टेबलावरचे गृहस्थ अत्यंत गोड. "मॅडम, आपका तो हो ही जाएगा, बस नक्शे में थोड़ा फर्क आ रहा है।" काय फरक, ते सांगेनात. शेजारच्या स्टुलावरचा दलाल सांगायला तयार होता, त्याचा दर होता.

मी १८१ ला, म्हणजे सीएम हेल्पलाइनला, तक्रार टाकली. आता ही गंमत बाहेरच्यांना कळणार नाही. तक्रार एल-१ ला, म्हणजे पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याकडे, गेली की तोच माणूस किंवा त्याचा साहेब फोन करतो आणि कामाचं विचारतच नाही. विचारतो काय, तर "शिकायत बंद करवा दीजिए, फिर काम करते हैं।" तक्रार प्रलंबित राहिली की त्यांच्या रँकिंगवर परिणाम. मी नाही म्हटलं. मग रात्री साडेनऊला एक फोन, सकाळी एक फोन, आईला घाबरवणारा एक फोन. एल-२ ला गेल्यावर काहीतरी "समाधानकारक निराकरण" असं लिहून ती फोर्स क्लोज झाली. माझं समाधान झालं हे मला मेसेजवरून कळलं.

शेवटी काम झालं ते लोकसेवा केंद्रातून नव्याने अर्ज केला तेव्हा, कारण तिथे पावती मिळते आणि पावतीवर तारीख असते. आपल्या मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात पहिला. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पाच हजार दंड, आणि तो अर्जदाराला देता येतो. ही पावती दाखवून मी अपील करते म्हटल्यावर नकाशातला फरक नाहीसा झाला.

माझा प्रश्न असा की, या मुलांच्या सहा ओळींत हे काही आहे का? की नुसतं "भ्रष्टाचार बंद"?

जुनी_इंदूर_छापखाना

ताई, सहाच्या सहा ओळी "बंद"च आहेत. कमिशन बंद, टक्केवारी बंद, दलाल बंद, असं.

निवृत्त_पंच

एरवी मी इथे वाचनमात्र असतो. "बंद" कसं होतं ते एकदा जवळून पाहिलंय म्हणून लिहितो.

मी सरकारी नोकरीत होतो. लोकायुक्तच्या ट्रॅपला (लाच घेताना पकडायच्या सापळ्याला) पंच म्हणून दुसऱ्या खात्यातले दोन कर्मचारी नेतात. एकदा माझं नाव आलं. खातं, गाव, काही सांगत नाही.

फिर्यादी छोटा ठेकेदार, बिल पास करायला साहेबाने पाच हजार मागितले होते. आधी व्हॉइस रेकॉर्डरवर मागणी पक्की करून घेतली. मग सकाळी आम्हाला एका खोलीत बसवलं. नोटांचे नंबर माझ्याच हाताने कागदावर उतरवले. एका शिपायाने नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड चोळली आणि त्यानेच त्या फिर्यादीच्या खिशात सरकवल्या. फिर्यादीला ताकीद की मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, वाटेत कोणाशी हात मिळवायचा नाही. पूड लावणारा शिपाई मागेच राहिला, त्याला गाडीत घेतलं नाही. त्याच्या बोटांची पूड दुसरीकडे लागली तर खटलाच गेला.

आम्ही कचेरीसमोर टपरीवर उभे. इशारा ठरला होता, डोक्यावरून रुमाल फिरवायचा. फिर्यादी बाहेर आला तो रुमालच विसरलेला, नुसता हातवारे करतोय. तरी कळलं. आत गेलो, दोघांनी साहेबाची मनगटं धरली. काचेच्या ग्लासात सोडियम कार्बोनेटचं पाणी. आधी पथकातल्या एकाने स्वतःची बोटं बुडवून दाखवली, पाणी होतं तसंच. मग साहेबाची बोटं दुसऱ्या ग्लासात. गुलाबी झालं. साहेब म्हणतो, "हाथ तो सुबह से ऐसे ही थे।" पुढे पँटचा खिसा उलटा करून तोही धुतला, तोही गुलाबी. पँट जप्त. मग घरून पायजमा येईपर्यंत तो माणूस टॉवेल गुंडाळून त्याच खुर्चीवर बसून होता, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर "रिश्वत लेना-देना अपराध है" हा बोर्ड, लोकायुक्तच्या फोन नंबरासकट.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. लोकांना वाटतं इथे संपलं. इथून सुरू होतं. खटला चालवायला शासनाची अभियोजन स्वीकृती लागते, ती फाईल भोपाळला बसली. तोवर साहेब निलंबनातून परत आले, दुसऱ्या जिल्ह्यात, तशाच टेबलावर. माझी साक्ष लागली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आणि कोर्टात फिर्यादी काय म्हणाला? मी उसने घेतलेले पैसे परत देत होतो. ठेकेदाराला त्याच खात्यात पुढची कामं घ्यायची होती, त्याला दोष तरी कसा देऊ.

नगरसेवक निवडून आणून यातली कुठली पायरी बदलणार आहे, ते मुलांनी सांगावं. मी खरंच विचारतोय, टोमणा नाही.

वकील_रामबाग

पंचकाकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. दोन गोष्टी जोडतो, कारण लोकांना माहीत नसतात आणि महाग पडतात.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे, तरच सुटका. त्यामुळे "मी तर नाइलाजाने दिले" हे महिनाभराने फेसबुकवर लिहिणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. द्यायच्या आधी लोकायुक्तच्या ऑफिसात जा, मोती बंगल्यात.

दुसरं, अभियोजन स्वीकृतीला कायद्यात आता मुदत आहे. तीन महिने, कारण देऊन आणखी एक. मुदत लिहिलेली आहे, पण ओलांडली तर कोणाचं काय बिघडतं ते लिहिलेलं नाही. शिवाय त्याच दुरुस्तीतलं कलम १७-अ. अधिकाऱ्याने कामकाजात घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच आधी परवानगी हवी. रंगेहाथ ट्रॅपला ते लागत नाही. म्हणून पाच हजारवाला पकडला जातो आणि पन्नास लाखांची फाईल सही करणारा परवानगीच्या पलीकडे बसतो. यातलं काहीही निगमच्या सभागृहात बदलत नाही. ते दिल्लीत बदलतं.

बेंगळुरूचा_इंदोरी

भिया लोग, कर्नाटकात असाच एक पक्ष आहे, कर्नाटक राष्ट्र समिती. २०१९ चा. त्यांचे कार्यकर्ते कॅमेरा लावून थेट तहसील ऑफिसात, आरटीओत, सरकारी दवाखान्यात शिरतात आणि फेसबुकवर लाइव्ह. "सर, या कामाची सरकारी फी किती? तुम्ही घेतले किती?" समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. माझ्या ऑफिसातले कानडी सहकारी जेवताना हे व्हिडिओ बघतात. २०२३ च्या विधानसभेला त्यांनी भरपूर उमेदवार दिले. जागा शून्य. जे व्हिडिओ बघतात त्यांना मी विचारलं, मत दिलंत का? एक जण म्हणाला, त्यांना कशाला, ते तसेही येतातच की!

आंध्रात लोकसत्ता पक्ष होता. आयएएस सोडलेले जयप्रकाश नारायण (आपले जेपी नव्हेत), २००९ ला कुकटपल्लीतून एकटेच निवडून आले. विधानसभेत काय बोलायचे! २०१४ ला मल्काजगिरीतून लोकसभेला पडले. आज हैदराबादेतल्या नव्या पोरांना तो पक्ष माहीतही नसतो.

शंकासुर

इटलीचा फाइव्ह स्टार पक्ष सांगायचा राहिला. भ्रष्ट राजकारण्यांना हाकला एवढ्यावर २०१८ ला ३२ टक्के मतं, सगळ्यांत मोठा पक्ष. मग आधी उजव्यांबरोबर सरकार, ते मोडल्यावर डाव्यांबरोबर. कारण बाकी कशावर मतच नव्हतं, कुठेही बसता आलं.

खासगीवाला

मला इटली नको, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा पुरे. बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मधला रस्ता. साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून चालू, २०२५ ला हायकोर्टाने तोडायला परवानगी दिली. समजा हा विषय निगमच्या सभागृहात आला आणि तुमचे दोन पार्षद (नगरसेवक) तिथे बसलेत. हात वर करायचा की नाही? यात लाच कोणी घेतलेली नाही, टक्केवारी नाही, नुसता निर्णय आहे : बस आधी की कार आधी. सराफ्यातली चौपाटी ठेवायची की हलवायची? राजवाड्याचे फेरीवाले? पार्षदाचं निम्मं आयुष्य असल्या प्रश्नांत जातं आणि पत्रकाची मागची बाजू कोरी आहे.

नवी_फळी

नमस्कार. पत्रकवाल्या चौघांपैकी मी एक. छापखानावाल्या काकांनी धाग्याची लिंक पाठवली, सगळं वाचलं. मराठी लिहायची सवय शाळेनंतर सुटली आहे, सांभाळून घ्या.

वकीलसाहेब, अभियोजन स्वीकृती निगममध्ये बदलत नाही हे मान्य. पण २०२४ आठवा. इंदूर निगमच्या ड्रेनेजची बिलं. जी कामं झालीच नाहीत त्यांच्या फायली तयार, सह्या तयार, पेमेंट तयार. पहिल्या एफआयआरच्या वेळी आकडा २८ कोटींचा होता, मग शंभरच्या वर गेला. त्या सगळ्या काळात सभागृह होतंच ना? सत्ताधारी होते, विरोधकही होते. ज्या गल्लीत लाइन टाकली म्हणून बिल निघालं त्या गल्लीचा पार्षद होता. रस्ता खणलेला त्याला दिसला नाही, आणि बिल निघालेलं पण दिसलं नाही. कारण बिल वाचणं हे कोणाचंच काम नव्हतं. पार्षदाला पेव्हर ब्लॉक मिळाले, वॉर्डात कार्यक्रम झाला, तो खूश.

आम्हाला महापौर नको आहे. खरं सांगतो, चुकून मिळाला तर आम्ही घाबरू. आम्हाला दोन-तीन माणसं सभागृहात हवीत जी दुसरं काही करणार नाहीत, प्रत्येक पेमेंटची फाईल मागतील, माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून तीस दिवस थांबण्याऐवजी पार्षद म्हणून मागतील, आणि संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन झाकण उघडून बघतील.

मृण्मयीताई, तुमची पावतीची गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. वॉर्डात एक टेबल टाकून लोकसेवा केंद्राच्या अर्जाला आणि अपिलाला मदत करणं, हे निवडणुकीच्या आधीही करता येईल.

देणगीचं कोणी विचारलं नाही, मीच सांगतो. कायद्याने २०,००० च्या वरच्या देणगीदारांची नावं द्यावी लागतात आणि दोन हजारांच्या वर रोख घेता येत नाही. आम्ही पाचशे रुपयेही बँकेतून आणि नावासकट घेणार.

टवाळ_छप्पन

नावासकट पाचशे? मग इंदूरचा एकही व्यापारी देणार नाही. आणि उमेदवारांच्या घरांचे नकाशे पास आहेत ना? दोन मजल्यांचा नकाशा आणि वर तिसरा असं असेल तर आधी तो पाडा, मग झाकणं उघडा.

नवी_फळी

हसू नका, यावरून आमच्यात भांडण झालं आहे. ज्याला उमेदवार करायचं होतं त्याच्या वडिलांनी मागची मोकळी जागा झाकून खोली काढली आहे, भाडेकरू राहतो. तो म्हणाला सगळ्यांचीच आहे. बरोबर आहे, आमच्या कॉलनीत एक घर दाखवा ज्याचं नाही. आता तो उमेदवार नाही आणि आमच्याशी बोलतही नाही.

पेन्शनर_लोकमान्यनगर

हे ऐकून मला तुमच्याबद्दल थोडं बरं वाटायला लागलं, पण मत अजून देत नाही.

निवृत्त_पंच

नवी फळी, बिलं वाचायचीच असतील तर एक सांगतो. नुसतं बिल वाचून काही कळत नाही, बिल नेहमी सुंदर असतं. मेजरमेंट बुक मागा. काम किती लांब, किती रुंद, किती खोल, कोणी कोणत्या तारखेला मोजलं, ते त्यात असतं. एकाच दिवशी एकाच इंजिनियरने शहराच्या दोन टोकांना मोजमाप घेतलेलं दिसलं की तिथे थांबा. आणि जे पान सगळ्यांत स्वच्छ, एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेलं, त्याची झेरॉक्स आधी काढा. साइटवर भरलेल्या बुकावर माती लागतेच.

मृण्मयी_सुदामानगर

हे पत्रकाच्या मागच्या बाजूला छापा! खरंच. "आमच्या वॉर्डातल्या कामाचं मेजरमेंट बुक असं मागा", "लोकसेवेची पावती अशी घ्या", "लाच मागितली तर सात दिवसांचा नियम". लोक फेकणार नाहीत, फ्रिजवर लावतील. टेबल टाकलंत तर शनिवारी मी येईन, पण सदस्य वगैरे करू नका.

जुनी_इंदूर_छापखाना

शंभरांत मी सही करत नाही, असं आज त्यांना सांगितलं. पेन्शनरकाकांचं पटलं म्हणून नव्हे, नवी फळीचं पटलं म्हणून. हा पक्ष सत्तेत यावा असं मला वाटत नाही. सत्तेत आला की एक तर मुद्दा सोडेल किंवा खुर्ची सोडेल, दिल्लीने दोन्ही करून दाखवलं. पण ८५ जणांच्या सभागृहात अशी दोन माणसं हवीतच, आणि ती दोन माझ्या वॉर्डातून जात असतील तर मत देईन. छपाई फुकट करणार नाही, नाहीतर तीही देणगी धरून नावासकट लावतील. पावतीने पैसे घेईन.

पेन्शनर_लोकमान्यनगर

म्हणजे प्रचार असा करायचा की आम्हाला निवडून द्या, पण जास्त नको?

नवी_फळी

काका, इंदुरात हे पटवणं फार कठीण नाही. जास्त येण्याची भीती आम्हाला सध्या तरी नाही.

खासगीवाला

सगळं छान. बीआरटीएसचं उत्तर आलेलं नाही.

नवी_फळी

पक्षाची भूमिका नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तोडायला नको होता, मी रोज त्यावरच्या आय-बसने कॉलेजला जायचो.

नवी_फळी_दोन

मी पण त्या चौघांतलीच. तोडला हे बरंच झालं. आमचं घर पलासियाला आहे, रस्ता ओलांडायला काय व्हायचं ते मला विचारा. आणि हे आपण ग्रुपवर ठरवलं होतं ना, की यावर कोणी बोलायचं नाही?

टवाळ_छप्पन

नोंदणीच्या आधीच फूट. अभिनंदन, आता तुम्ही खरा पक्ष झालात.